असा कोणी इथी नाई राहत

कुरखेड्याच्या बाजाररस्त्यावर एक पतसंस्था होती आणि तिच्या बाहेरच्या भिंतीवर थकबाकीदारांच्या नावांचा काळा फळा होता. वांगी-टमाटे घ्यायला आलेल्या माणसाला मानसुद्धा वळवावी लागू नये, अशा बेतानं तो लावलेला. त्या फळ्यावर दोन पावसाळे माझं नाव होतं. गावातले लोक बाजार करून परतले की मला आवर्जून सांगायचे, "आजही आहे बाप्पा." जणू मी विचारायला बसलो होतो.

मी मासोळीचं बीज विकायचो. बीज म्हणजे रोहू-कतल्याची बोटाच्या पेराएवढी पिल्लं. ब्रह्मपुरीकडच्या एका बीज केंद्रातून ती पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणायची आणि कुरखेडा-धानोरा भागातल्या तलावांत आणि बोड्यांत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यांत, सोडायची. पिशवीचं तोंड बांधलं की पुढचे काही तास आपले नाहीत, त्या पिल्लांचे. एका वर्षी पावसानं उघडीप दिलेली असताना धानोऱ्याच्या अलीकडे जंगलात टेम्पोचा एक्सल तुटला. जवळपास फोन नव्हता, गाव नव्हतं. दुसरी गाडी मिळेपर्यंत पिशव्या उन्हानं तापल्या आणि सगळी पिल्लं पोट वर करून तरंगायला लागली. मेलेल्या बीजाचे पैसे कोणी देत नाही, पण बीजासाठी काढलेलं कर्ज मात्र ठणठणीत जिवंत राहतं. मी फळ्यावर गेलो तो असा.

पुढे दुसऱ्यांच्या जाळ्यांवर मजुरी करून मी ते कर्ज फेडलं. संस्थेच्या माणसानं माझ्या नावावर काळा रंग मारला, पण जुना फळा उन्हानं पांढुरका झालेला आणि माझ्या नावाची पट्टी नवीन, चकचकीत. लोकांची नजर आधी तिथंच जायची. "आता तुम्ही मोकळे," तो म्हणाला. मी त्याच्याकडून फेडल्याची पावती मागून घेतली, त्यावर शिक्का मारून घेतला, शिक्का पुसट उमटला म्हणून पुन्हा मारून घेतला. माझा स्वभाव मुळात संशयी. त्यात दोन वर्षं भिंतीवर राहिलेला माणूस आणखी काय होणार.

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा बीज केंद्रावर गेलो. केंद्राच्या मालकाला आम्ही सगळे शेठ म्हणायचो. शेठनं मला चहा पाजला, घरची चौकशी केली आणि मग सरळ सांगितलं.

"हे पाय भाऊ, तुह्यावर माहा राग नाई. पण भरोसाही नाई."

"पूर्ण फेडलं शेठ. पावती आहे."

"पतसंस्थेचं फेडलं. माहा धंदा पावतीवर नाई चालत. तू एक काम कर. बिलवाला मोबाईल घे."

कुरखेड्यात टॉवर लागून तेव्हा वर्षच झालं होतं. कार्डाचे मोबाईल हळूहळू दिसू लागले होते. मी म्हणालो, कार्डाचा घेतो, चार लोकांकडे आहे.

"कार्डवाला नको," शेठ म्हणाला. "कार्डवाले बीज नेतेत, पैसे द्याची येळ आली का कार्ड फेकून देतेत. मंग मी तलावावर तलाव हिंडतो. बिल ज्याच्या नावानं येते तो पळत नाई. ज्याले कंपनी उधारीत बोलू देते, त्याले मी उधारीत बीज देतो. आषाढ लागाच्या आत नंबर आण. नाई तं कुरखेडा-धानोऱ्याचा एरिया दुसऱ्याले देतो."

दुसरा कोण, ते त्यानं सांगितलं नाही. मी मात्र वडसा येईपर्यंत बसच्या खिडकीत बसून तेच शोधत होतो, आणि प्रत्येक वेळी माझ्या चुलतभावापाशी येऊन थांबत होतो. त्याचं घर आमच्या घराला लागून. तलावात आमची डोंगी, म्हणजे लहान होडी, सामाईक होती. आणि मागच्याच महिन्यात त्यानं मला सहज विचारलं होतं, "शेठ बीज कसा देते रे सध्या?" सहज कोणी काही विचारत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं.

कुरखेड्यात घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दुकानदारानं काचेच्या कपाटात मोबाईल मांडले होते. बिलाच्या फोनचा अर्जही तोच घ्यायचा. त्यानं माझं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. हा बाजाररस्त्यावरचाच माणूस, फळा रोज पाहणारा. मला समजायचं ते समजलं.

"थकबाकी वगैरे?" त्यानं विचारलं.

मी पावती पुढे केली. तो म्हणाला, झेरॉक्स लागेल. पावती घेऊन तो पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे निघाला तेव्हा मीही त्याच्या मागे निघालो आणि कागद मशिनीतून बाहेर येईपर्यंत तिथंच उभा राहिलो. मूळ पावती खिशात आली तेव्हाच मी हललो. आधी थकबाकी होती म्हणून डिपॉझिट इतरांपेक्षा जास्त लागेल, असं तो म्हणाला. मी म्हणालो, इतर कोण आहेत ते दाखवा. तो हसला. पण तेव्हा मला पर्याय नव्हता, मी डिपॉझिट भरलं.

"आता कंपनीचा माणूस घर पाहाले येईल," तो म्हणाला. "शेजाऱ्याले विचारेल, घरच्याले विचारेल. खरंच तिथं राहता का नाई, एवढंच. त्यानं बरोबर लिहून देल्लं का झालं तुमचं काम."

मी घरी येऊन हे कोणाला सांगितलं नाही. चुलतभावाला तर नाहीच. त्याला कळलं असतं की मी फोन घेतो आहे, तर त्यानं शेठकडे आधी धाव घेतली असती, निदान त्या माणसाच्या कानात माझ्या फळ्याची गोष्ट घातली असती. मायलाही बोललो नाही, कारण मायच्या पोटात गोष्ट राहिली तरी चुलतभावाच्या बायकोसमोर ती दळण निवडत बसायची, आणि निवडता निवडता काय निघेल त्याचा नेम नव्हता. बायको पहिल्या बाळंतपणासाठी धानोऱ्याकडे माहेरी गेलेली. घरी आम्ही दोघंच. मी गुपचूप वाट पाहत राहिलो.

रोहिण्या संपत आल्या तरी काही निरोप आला नाही. शेवटी मीच दुकानात गेलो. दुकानदारानं चिमट्यानं घड्याळातला एक स्क्रू काढला, बाजूला ठेवला आणि मग म्हणाला, "तुमचा अर्ज परत आला. पत्ता सापडला नाई म्हणे."

"सापडला नाई म्हणजे? गाव काय तलावात बुडालं का?"

"माणूस गेला होता. त्यानं लिहिलं, या नावाचा कोणी त्या गावात राहत नाई."

माझं डोकं फिरलं. माझा जन्म त्या गावात झाला. माझ्या आजानं त्या तलावाची पाळ बांधताना माती वाहिली होती, असं घरी सांगायचे. मी पहिल्यांदा दुकानदारावर संशय घेतला, की याला वर आणखी काही पाहिजे असेल. मग त्या माणसावर, की तो वडशातूनच बसून लिहीत असेल. जंगलाच्या रस्त्यानं येण्याची हिंमत नसेल झाली. आणि मग, नेहमीप्रमाणे, चुलतभावावर येऊन थांबलो. या नावाचा कोणी राहत नाही, हे इतकं सफाईदार खोटं त्याच्याशिवाय कोण बोलणार? ज्याला माझं नाव नको होतं, त्यानंच ते पुसलं, असं मी धरून चाललो.

मी तडक तलावावर गेलो. तो डोंगीत बसून जाळ्याच्या गोट्या बांधत होता. मी पाळीवरूनच विचारलं, "इथी कोणी माणूस आला होता का, मले विचारत?"

मला वाटलं, चेहरा पडेल. तो तर खुशीत म्हणाला, "आला होता ना. मागच्या आठवड्यात. स्कूटरवर, थैली घेऊन. मलेच पयले विचारलं."

"मंग तू काय सांगतलं?"

"मी म्हटलं, असा कोणी इथी नाई राहत."

इतक्या निवांत कबुलीसाठी माझी तयारी नव्हती. "काऊन?" मी ओरडलो.

तो जाळं खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागला, जणू वेडा मीच. "काऊन म्हणजे? थैलीवाला माणूस, बाहेरगावचा, नाव घेऊन विचारून राह्यला, घर कुठी, घरी कोण असते, कव्हा असते. अशाले हो म्हणतेत का? मी तं त्याले मागच्या टोल्यावरच्या वस्तीत पाठवलं, का तिथं पाहा. टोल्यावरच्यांनी नदीकडं पाठवलं. साऱ्या गावानं सांभाळलं तुले. पानठेल्यावरच्या म्हाताऱ्यानं तं सांगतलं का असा एक होता, पण तो कव्हाच मेला."

मी पाळीवर खाली बसलो. आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नव्हतं. दिवसा विचारायला येणारे ठाण्यातले, अंधार पडल्यावर विचारायला येणारे जंगलातले, आणि दोघांनाही एकच उत्तर द्यायचं, ही रीत मलाही माहीत होती. मीही कितीतरी जणांबद्दल असंच सांगितलं होतं. फक्त कंपनीचा माणूस थैली घेऊन येईल आणि तोही त्याच रांगेत उभा राहील, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"मले सांगतलं का नाई मंग?" मी विचारलं.

"तुले भ्या वाटेल म्हणून. तूही तं मले काही सांगतलं नाई." मग तो म्हणाला, "तुह्या घरीही गेला होता तो. शेवटी."

घरी माय आंगणात झिंगे वाळत घालत होती. पावसाच्या आधी ते वाळले पाहिजेत म्हणून तिची घाई चाललेली. मी विचारलं, "एक माणूस घरी आला होता म्हणे?"

"आला होता."

"काय म्हटलं त्याले?"

"असा कोणी इथी नाई राहत. मी एकटीच आहो."

"माय, मी तुहा पोरगा आहो."

"म्हणूनच तं," माय म्हणाली आणि हातानं झिंगे पसरत राहिली.

मी तिला सगळं सांगितलं. शेठ, बिलाचा फोन, आषाढाची मुदत, दुकानदार, घर पाहणारा माणूस. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "तुह्या बापाच्या येळी मी हो म्हटलं होतं."

मला काही उमगलं नाही. माझ्या बापाचा उजवा हात निकामी होता, एवढं मला माहीत होतं. मी वडशाला वसतिगृहात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. सुट्टीत आलो तर त्यांचा हात गळ्यात बांधलेला. मोहाच्या झाडावरून पडले, असं मला सांगण्यात आलं. त्यानंतर त्यांनी कधी जाळं फेकलं नाही. डाव्या हातानं विडी ओढत पाळीवर बसायचे आणि तसेच एक दिवस गेले. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या मला या एका गोष्टीवर कधी संशय आला नव्हता.

"झाडावरून नाई पडले," माय म्हणाली. "असाच एक आला होता. इस्त्रीचा सदरा, थैली. मले ताई म्हणे. नाव घेऊन विचारलं, इथंच राहतेत ना? मले बरं वाटलं का कोणी शयरातला आपल्या माणसाले विचारत आला. मी म्हटलं, हो, इथीच राहतेत, बसा. पाणी देल्लं. तलावावर निरोप धाडला. ते पाय न धुताच आले. मंग नेलं त्याईले."

"कोणी? ठाण्यातल्यांनी का जंगलातल्यांनी?"

"मले काय मालूम. सदरा तं साऱ्याईचा सारखाच रायते. तुह्या बापानं वापस आल्यावर सांगतलं नाई, मी विचारलं नाई." तिनं एक झिंगा उचलून परत खाली ठेवला. "मी नाई म्हटलं असतं तं हात राह्यला असता."

मला इतका राग आला की तो कोणावर काढावा ते कळेना. त्या सदऱ्यावर काढावा तर तो कुठे होता? इतकी वर्षं मला झाडाची थाप मारली म्हणून मायवर काढावा, तर तिच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. मी उठून घरामागच्या सांदवाडीत गेलो आणि उगाच लाकडं फोडत बसलो.

पण शेठची मुदत काही माझ्या रागासाठी थांबणार नव्हती. दुकानदाराकडून घर पाहणाऱ्या माणसाचा पत्ता काढून मी वडशाला त्याच्या घरी गेलो. चाळिशीचा, चष्म्याचा, दर घरामागे पैसे मिळणारा कंत्राटी माणूस. माझं नाव ऐकून त्यानं आधी दाराची कडी हातात धरली.

"तुमीच का ते? खरं सांगा, तुमी त्या गावात राहता का?" तो म्हणाला. "मी अर्धा दिवस हिंडलो. एक म्हणे टोल्यावर, टोल्यावरचा म्हणे नदीवर. एकानं तं तुमाले मारून टाकलं. अन् तुमी घर म्हणता त्या घरच्या बाईनं पाणीही विचारलं नाई."

"ती माझी आई आहे."

"ती म्हणे मले पोरगाच नाई."

मी हात जोडले. त्याला ते आवडलं नाही, उलट माझ्यावरचा त्याचा संशय वाढला असावा. बराच वेळ त्यानं मला प्रश्न विचारले. तलाव घराच्या कोणत्या बाजूला, शाळा कुठे, हातपंप कुठे. शेवटी म्हणाला, "मी आखरी बार येतो. पण तुमी तिथं दिसाचं नाई. तुमी समोर असले तं सारे तुमच्याच मनचं बोलतीन. घरच्या माणसानं, माह्या तोंडावर, हो म्हटलं पाह्यजे. नाई तं पुन्हा अर्ज करू नका."

मी मायला हे सांगितलं. ती म्हणाली, "मी बाहेर गेल्यावर येऊ दे त्याले."

"घरी दुसरं कोणीच नाई माय."

"बाबू, नाई म्हणणं मले जमते. हो म्हणणं नाई जमत."

मी म्हणालो, हे झालं नाही तर एरिया गेला, आणि मी जन्मभर दुसऱ्याच्या जाळ्यावर. घरात लेकरू येणार आहे, त्याला काय खाऊ घालू? हे बोलताना मला लाज वाटत होती, कारण मी तिच्याकडून काय मागत होतो ते मला कळत होतं. तिनं उठून चूल पेटवली.

तो माणूस यायच्या दिवशी मी चुलतभावाच्या आंगणात, दोन घरांमधल्या बांबूच्या ताटव्याआड बसलो होतो. आता सगळ्या गावाला सगळं सांगितलेलं. याचा परिणाम असा झाला की स्कूटर वेशीत शिरल्याबरोबर लोकांनी न विचारताच सांगायला सुरुवात केली. इथीच राहतो, लय चांगला माणूस, दारू पीत नाई, कोणाचं बुडवत नाई. पानठेल्यावरचा म्हातारा तर म्हणाला, मेला तो दुसराच. स्कूटरवाला आणखी बुचकळ्यात पडला.

"बोलू नका, असं सांगाले पाह्यजे होतं या लोकाईले," चुलतभाऊ माझ्या कानाशी पुटपुटला.

"तुले शेठचा एरिया पाह्यजे होता ना?" मी तेवढ्यात विचारून घेतलं.

"मले? धानोऱ्याच्या रस्त्यानं बीज घेऊन जाले? तूच कर ते मरण." तो चिडलाच. मला त्याच्यावर विश्वास ठेवायला तेव्हा फारसा वेळ नव्हता, म्हणून मी ठेवून टाकला.

स्कूटर आमच्या आंगणात थांबली. माय ओट्यावर उभी होती. त्यानं नमस्कार केला, थैलीतून कागद काढला आणि माझं नाव घेतलं. "इथंच राहतेत का?"

मायनं त्याच्या थैलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं नाव?"

त्यानं सांगितलं.

"गाव?"

"वडसा. मूळचं आरमोरीकडचं."

"कोणतं?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं. माय तिथल्या एका म्हाताऱ्या जाळेवाल्याला ओळखत होती. त्याचं घर कुठे, असं तिनं विचारलं. मारुतीच्या मागे, तो म्हणाला. बरोबर निघालं. "घरी कोण आहे?" "बायको, दोन पोरी, माय." "माय काय करते?" "आता काही नाई करत, बाई. डोळ्यानं दिसत नाई तिले." त्याचा आवाज थोडा खाली आला होता. चिडेल असं मला वाटलं होतं, पण त्यानं खिशातलं ओळखपत्र काढून तिच्यापुढे धरलं. मायला वाचता येत नव्हतं. तिनं त्यावरचा फोटो पाहिला, त्याचा चेहरा पाहिला, चष्मा काढायला सांगितला, पुन्हा पाहिला. त्यानं चष्मा काढला. मग तिनं त्याला लोटाभर पाणी दिलं आणि तो पिईपर्यंत थांबली.

"पुन्हा सांगा नाव."

त्यानं माझं नाव पुन्हा घेतलं. मला एकदम वाटलं, की तिनं नाई म्हणावं. जाऊ दे तो फोन, जाऊ दे एरिया. मी उठणारच होतो, चुलतभावानं माझा सदरा खाली ओढला.

"हो," माय म्हणाली. "माहा पोरगा आहे. इथीच राहते." आणि लगेच पुढे, त्याच आवाजात, "अन् त्याचं काही बरं-वाईट झालं तं मी मारुतीच्या मागच्या त्या म्हाताऱ्याले विचारत तुमच्या मायपाशी येईन."

"या बाई," तो माणूस म्हणाला. त्यानं कागदावर लिहिलं, मायचा अंगठा घेतला आणि गेला.

मी ताटवा ओलांडून आलो तोवर माय घरात गेली होती. माझे दोन सदरे, पंचा आणि बायकोसाठी वाळवलेले झिंगे एका पिशवीत बांधत होती. "जा सासुरवाडीले," तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "मी बलावल्याशिवाय येऊ नको. आत्ताच्या आत्ता, पाळीवरून जा, रस्त्यानं नको." मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण तिनं मागचं दार उघडून धरलं. मी पाळीवरून गेलो. या घरात मी राहतो असं कंपनीला लिहून मिळालं, आणि त्याच संध्याकाळपासून मी त्या घरात राहत नव्हतो.

सासुरवाडीत जावई बाळंतपणाआधीच मुक्कामाला आला म्हणून माझी यथेच्छ टिंगल झाली. मी ऐकून घेतली. आषाढाला थोडे दिवस उरले असताना दुकानदाराचा निरोप एस.टी.च्या कंडक्टरबरोबर आला, की चालू झाला. मी कुरखेड्याला जाऊन फोन घेतला, चौकात उभं राहिलो आणि शेठला लावला. मी कोण ते ऐकल्यावर शेठ म्हणाला, "थांब. कट कर. मी लावतो." मी कट केला. फोन हातात वाजला. "बिल तुह्याच नावानं येईल ना?" शेठनं विचारलं. हो म्हणालो. "बरं. पयली खेप आषाढातल्या पयल्या पावसाले. गाडी चांगली पाय आता."

मी निरोपाची वाट न पाहता घरी गेलो. माय ओट्यावर होती. मी फोन दाखवला, तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या मागचा रस्ता पाहत होती, कोणी येत आहे का.

"कोणी आलं होतं का मागून?" मी विचारलं.

"नाई. रोज पाह्यलं." मग हळूच म्हणाली, "म्हणजे तो माणूस खराच होता?"

"खराच होता माय. घर पाहाले आला, पाहून गेला. फोन भेटला."

ती खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. बाप गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी फोन ओट्यावर ठेवून तिच्याजवळ बसलो. पदर बाजूला करून ती म्हणाली, "मंग माह्या हो म्हटल्यानं नाई झालं ते. तुह्या बापाचं. ते न्यायलेच आले होते. मी नाई म्हटलं असतं, तरी नेलंच असतं. नाई का?"

"नेलंच असतं," मी म्हणालो.

ते खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मात्र मी ते अगदी ठामपणे सांगितलं, आणि तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं.